फाइल कुणाच्या घरी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात स्वयंसेवी संस्थेचं काम कसं चाललंय हे जाणून घ्यायचं असेल, तर अहवाल मागू नये. गावात जावं, पाणी प्यावं आणि सहज विचारावं, "सामूहिक वनहक्काच्या दाव्याची फाइल कुठे आहे?" उत्तर "तालुक्याला, संस्थेच्या ऑफिसात" असं आलं, तर जंगलावरच्या हक्काचं अधिकारपत्र मिळून दहा वर्षं झालेली असली तरी बरंच काम व्हायचं राहिलंय असं समजावं. आणि एखादी बाई "थांबा, आणते" म्हणून उठली, पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गठ्ठा काढला, वरचा नकाशा उलगडून "हा नाला, ही आमची शीव, याच्या पलीकडे त्यांची" असं बोट फिरवायला लागली, तर इथे कुणीतरी मन लावून काम केलंय आणि करून झाल्यावर बाजूला सरकलंय, हे कळतं.

मागास भागातल्या संस्थांचं काम म्हटलं की शिलाई मशीन, वह्यावाटप, आरोग्य शिबिरं डोळ्यांपुढे येतात. ती कामं गरजेची आहेत, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण गडचिरोलीची गरिबी वेगळ्या मुळाची होती. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा, जवळपास तीन चतुर्थांश जंगल. बांबू, तेंदूपत्ता, मोहफूल, हिरडा, बेहडा, चारोळी, डिंक. ट्रकच्या ट्रक बांबू कागद कारखान्याकडे जायचा, तेंदूपत्ता विडीच्या बाजारात जायचा, आणि ज्यांच्या शिवेतून हा माल निघायचा त्यांच्या हातात फक्त तोडणीची मजुरी पडायची. स्वतःच्या चुलीसाठी आणलेल्या सरपणाबद्दलही बोलणी खावी लागायची. अशा ठिकाणी वस्तू वाटून भागत नाही. जंगल कुणाचं, हा प्रश्न कागदावर सुटावा लागतो.

तो सोडवण्याची वाट २००६ च्या वनहक्क कायद्याने उघडली. कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. गाव पिढ्यान् पिढ्या जे जंगल वापरत आलं, राखत आलं, ते सांभाळायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेचा. गौण वनउपज गोळा करून विकायचा हक्क लोकांचा. आणि गौण वनउपजात बांबू व तेंदूपत्ता दोन्ही, असं कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. पण कायदा राजपत्रात छापला म्हणून गावात पोचत नाही. गावात गोंडी बोलतात, कोरची तालुक्याकडे छत्तीसगढीही चालते, आणि कागद येतो सरकारी मराठीत, जी मराठी माणसालाही दोनदा वाचावी लागते. कायदा आणि गाव यांच्यामधलं हे अंतर चालून जाणं, हे इथल्या संस्थांचं खरं काम.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) याबाबत सगळ्यांच्या आधी पुढे गेलेलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा या गावाची. गावातून देवाजी तोफा आणि बाहेरून 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, असं ते काम उभं राहिलं. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे अभ्यास गट. लोक बसायचे, एखादा विषय घेऊन बोलायचे, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, उलटसुलट विचारायचे. पण अभ्यास गटात निर्णय होत नसे. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या सहमतीने. बाहेरच्या माणसाला बोलायची मुभा कुठे आणि गप्प बसायची जागा कोणती, हे एवढ्या साध्या व्यवस्थेने ठरून गेलं. पुढे अनेक संस्थांनी 'मेंढ्यासारखं' काम करायचं ठरवलं तेव्हा घोषणा उचलली आणि अभ्यास गट राहून गेला. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात तो बसत नाही, त्याला वर्षं लागतात.

मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. पण हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवाना कुणी द्यायचा यावर अडलं होतं. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे तो हक्क चालता झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाने द्यायचा, हे पक्कं झालं. त्या पुस्तकाचं महत्त्व पुढे तेंदूच्या हंगामात कळतं, तिकडे येऊच.

आधी दावा. वरवर पाहिलं तर काम सोपं: अर्ज भरा, नकाशा जोडा, ठराव करा, उपविभागीय समितीकडे द्या, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे. प्रत्यक्षात पहिल्याच पायरीवर घसरतं. ग्रामसभा कुणाची? गट ग्रामपंचायतीत पाच-सहा गावं असतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहात सगळ्यांची मिळून सभा भरवली, ठराव केला, फाइल पाठवली, की तो ठराव कुठल्याच एका गावाचा राहत नाही. अनुसूचित क्षेत्रात पाडा, टोला, वस्ती यांचीही स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम त्यासाठीच आहेत. म्हणून पहिली बैठक गावाच्या मांडवात किंवा गोटूलात (गोंड गावाच्या एकत्र जमायच्या घरात), त्या एका गावाची, त्याच गावाच्या नोंदवहीत.

मग गणपूर्ती. २०१२ नंतरच्या नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. गावात २४० प्रौढ असतील तर १२० सह्या-अंगठे, त्यांत ४० बायांचे. ऐकायला हे अवघड वाटत नाही. पण बैठक दुपारी बारा वाजता ठेवली तर येतात चाळीस पुरुष. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून सगळं गाव मोहाखाली, जुलैत रोवणी, नोव्हेंबरात धानाची कापणी. साहेबांच्या सोयीची तारीख आणि गावाच्या सोयीची तारीख क्वचितच जुळते. जी संस्था गावाचं कॅलेंडर भिंतीवर लावते, तिच्या बैठका भरतात: रात्री जेवणं उरकल्यावर, थंडीत शेकोटीभोवती, भाताची मळणी संपल्यावर. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करावी, दुसऱ्या दिवशी घरोघर वही फिरवून सह्या गोळा करू नयेत. तशी फिरवलेली वही वरच्या समितीला लगेच ओळखू येते. त्याहून वाईट म्हणजे गावालाही कळतं की ठराव म्हणजे नुसत्या सह्या.

पहिल्या ग्रामसभेत वनहक्क समिती निवडायची: दहा ते पंधरा जण, दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक तृतीयांश स्त्रिया. इथे एक गफलत हमखास होते. ही समिती दावा तयार करण्यासाठी, पडताळणीसाठी आहे. हक्क मिळाल्यावर जंगल राखण्यासाठी आणि व्यवस्थापनासाठी ग्रामसभेने वेगळी समिती करायची असते. दोन्ही समित्यांना एकच समजून जुन्या वन व्यवस्थापन समितीचेच अध्यक्ष-सचिव पुढे चालवले, की पुढची दहा वर्षं कोण कुणाला जबाबदार, हे कळेनासं होतं.

शीव ठरवायचे दिवस मात्र पाहण्यासारखे असतात. डिसेंबर-जानेवारीत, रानातलं गवत आडवं झालेलं, नाल्यांचं पाणी उतरलेलं. बरोबर दोन-तीन जाणती म्हातारी माणसं, जीपीएसचं मशीन धरायला दोन पोरं, आणि बाया हव्याच. पुरुषांना बांबूची जागा आणि शिकारीच्या जुन्या वाटा ठाऊक असतात. बायांना पाणी, कंदमुळं, सात्या (अळंबी), सरपण, मोहाची झाडं. एकट्या पुरुषांनी चाललेली शीव बहुधा आखूड निघते. म्हातारा एखाद्या दगडापाशी थांबतो, त्या जागेचं गोंडी नाव सांगतो, पलीकडचं पेनठाणं, म्हणजे देवाची जागा, दाखवतो. पोरगा जीपीएसचं बटण दाबतो. आता खरं काम आहे वहीचं. बिंदू क्रमांक ३७ एवढंच लिहिलं तर संध्याकाळी ३७ कुठला ते कुणालाच आठवत नाही. क्रमांक, जागेचं गावातलं नाव, काय आहे (नाला, दगड, झाड, जुनी बोडी म्हणजे लहान तळं), कुणी दाखवलं, असे चार रकाने आखलेली वही जीपीएसपेक्षा मोलाची.

तिथे चुका कुठे होतात? दाट झाडीखाली मशीनला उपग्रह पुरेसे सापडत नाहीत, आणि घाईत दाबलेला बिंदू पन्नास पावलं इकडेतिकडे पडतो. दोन मिनिटं थांबून आकडा स्थिरावू द्यावा लागतो. जुन्या टोपोशीटची, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशाची, आणि मशीनची मोजण्याची पद्धत वेगळी असते. ती जुळवून घेतली नाही तर आख्खी शीव नकाशावर एका बाजूला सरकते आणि गावाची बोडी शेजारच्या वनकक्षात, म्हणजे वन विभागाने पाडलेल्या जंगलाच्या दुसऱ्याच तुकड्यात, जाऊन पडते. जोडीच्या सुट्या बॅटऱ्या न नेल्याने दुपारनंतरची शीव अंदाजाने काढली जाते. म्हणून वन विभागाचा बीट नकाशा सोबत घेऊन प्रत्येक वनकक्षाचा क्रमांक तिथल्या तिथे वहीत टिपावा. अधिकारपत्रावर शेवटी येतात ते हेच क्रमांक, आणि एक कक्ष सुटला की तेवढं जंगल सुटलं.

शेजारच्या गावांना शीवफेरीत बोलवायचं, हा कायद्याचाही आणि शहाणपणाचाही भाग. दोन गावांचे दावे एकमेकांवर चढले तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निकाल काढावा आणि तो आपापल्या ग्रामसभेपुढे ठेवावा, असं नियमच सांगतो. तिथे नाही मिटलं तर प्रकरण उपविभागीय समितीकडे. गावं बहुतेकदा मिटवतात, कारण त्यांच्यात सोयरीक असते, एका गावचा मोह दुसऱ्या गावच्या हद्दीत असतो आणि कोण कुठून काय आणतो हे आज्यापासून चालत आलेलं असतं. तेच कागदावर लिहावं: "या नाल्यापलीकडचं सरपण त्यांचं आणि आमचंही." एकट्याच्या मालकीची सरळ रेघ ओढायची घाई करणारा कार्यकर्ता दोन गावांत कायमचं वैर लावून जातो. अशी वैरं झालेली आहेत.

पुरावे एकाहून अधिक लागतात. निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी नोंद), जुनी गॅझेटियर, वन विभागाच्या कार्य आयोजना हे जिल्ह्याच्या अभिलेखागारात शोधावे लागतात, आणि या शोधात संस्थेचा खरोखर उपयोग असतो, कारण गावातल्या माणसाला तिथे चार फेऱ्या म्हणजे चार दिवसांची मजुरी. पण पेनठाणं, मसणवट, जुन्या विहिरी, सोडलेल्या वस्तीच्या खुणा हेही कायद्याने मान्य केलेले पुरावे आहेत, आणि वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा. एक ठसठशीत चूक सगळीकडे दिसते: संस्थेने एक छापील जबाब तयार करून पाच गावांत वाटलेला, खाली फक्त नाव बदललेलं. जबाब लिहायचा तर म्हाताऱ्याच्या बोलीत लिहावा. "दुष्काळात आम्ही या डोंगरावरचे कंद खाऊन राहिलो" हे वाक्य वाचून कुणालाही कळतं की ते छापखान्यातून आलेलं नाही.

त्यानंतर पडताळणी. वनहक्क समितीने वन आणि महसूल विभागाला तारीख कळवायची, त्यांनी जागेवर यायचं, सही करायची. बऱ्याचदा कुणी येत नाही. नंतर तेच विभाग आक्षेप घेतात की पडताळणी आमच्याविना झाली. यावर २०१२ च्या दुरुस्तीत उतारा आहे: असा आक्षेप आला तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो, आणि दुसऱ्यांदाही प्रतिनिधी आला नाही तर ग्रामसभेचीच पडताळणी अंतिम धरली जाते. पण हे सिद्ध करायला पत्राची पोच हवी. तारीख, शिक्का, सही. पोच न घेता टेबलावर ठेवून आलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र. म्हणून प्रत्येक कागदाच्या तीन प्रती: एक कार्यालयाला, एक पोचेसह गावाच्या पेटीत, एक संस्थेकडे. मूळ प्रत गावाकडे, झेरॉक्स संस्थेकडे. सुरुवातीला उलटा लावलेला क्रम पुढे सुलटा होत नाही.

अधिकारपत्र हाती आलं की फोटो निघतात, आणि बऱ्याच संस्थांचा प्रकल्प तिथेच संपतो. मला हे फार लागतं. कारण खरी परीक्षा पुढच्या तेंदूच्या हंगामात असते. आधी तर अधिकारपत्र वाचायलाच हवं. नाव ग्रामसभेचं आहे की ग्रामपंचायतीचं? सगळे कक्ष आहेत का? क्षेत्र दाव्याएवढं आहे की कमी? कमी असेल तर कारण लेखी दिलंय का? दावा परस्पर छाटायचा किंवा फेटाळायचा नाही, कारणासह ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा, असा नियम आहे. मे २०२० पासून महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय पातळीवर अपील करता येतं. पण अपिलाला मुदत असते, आणि समारंभात हार घातलेलं पत्र वर्षभर कुणी उघडून बघत नाही.

तेंदूचा हंगाम एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत, कसाबसा दोनेक आठवडे. त्याआधी फेब्रुवारी-मार्चात खुटकटाई, म्हणजे झुडपं छाटायची, की नवी कोवळी, रुंद पानं फुटतात. हंगामात माणसं पहाटे रानात जातात, ऊन चढायच्या आत परततात. दुपारभर घरच्या सावलीत सगळे बसून पुडे बांधतात: सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावाजवळच्या साफ केलेल्या मोकळ्या जागेवर, पुडे ओळीने मांडायचे. मोजणारा ओळी मोजतो, कार्डावर आकडा टाकतो. हजार पुड्यांचा एक मानक बोरा. पुढचे काही दिवस पुडे उन्हात उलथापालथ करून वाळवतात, पोत्यात भरण्याआधी पाणी शिंपडून मऊ करतात, नाहीतर पानांचा चुरा होतो. वळवाचा पाऊस किंवा गारा आल्या की फळीवरच माल काळा पडतो.

आता हिशेब बघा. समजा साठ घरांच्या गावाने दोनशे मानक बोरे जमवले, म्हणजे दोन लाख पुडे, एक कोटी चाळीस लाख पानं. घरटी तीन हजार तीनशेच्या वर पुडे. समजा लिलावात बोऱ्याला नऊ हजारांचा भाव ठरला, तर एकूण अठरा लाख. पुड्याला चार रुपये मजुरी धरली तर आठ लाख हातोहात घरांत जातात. उरलेले दहा लाख ग्रामसभेचे, ज्याला बोलताना रॉयल्टी म्हणतात, आणि त्यातूनही ठरल्याप्रमाणे घरांना बोनस, चौकीदाराचा पगार, पुढच्या वर्षीची खुटकटाई. पूर्वी हे दहा लाख गावाला दिसतही नव्हते. आणि आता नेमके तेच दहा लाख बुडतात. मजुरी रोज फळीवर द्यावी लागते म्हणून ठेकेदार ती देतो. रॉयल्टी "माल विकला की" द्यायची असते.

ग्रामसभेच्या हातात त्यावर एकच जोरदार साधन आहे: मेंढ्याच्या लोकांनी २०११ मध्ये मिळवलेलं ते परवान्यांचं पुस्तक. पैसे खात्यात जमा, मग परवाना, मग ट्रक. हा क्रम मोडला की गावाची सारी ताकद गेली. तो मोडतो तो असा: जूनचा पहिला आठवडा येतो, आभाळ भरून येतं, ठेकेदार म्हणतो पाऊस आला तर माल तुमचाही जाईल आणि माझाही, आत्ता उचलू द्या, पैसे पंधरा दिवसांत. त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नसतं, म्हणूनच लोक फसतात. किंवा त्याआधीच अध्यक्षाकडून कोऱ्या परवान्यांवर सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. यावरचे उपाय मार्च महिन्यातच करायचे असतात. करारात हप्ते लिहायचे: एक हप्ता करार करताना, एक तोडणी सुरू होताना, उरलेला माल उचलण्याआधी. अनामत रक्कम घ्यायची. गोदाम गावाच्या हद्दीत ठेवायचं, म्हणजे पावसाची भीती दाखवून माल लांब नेता येत नाही. परवान्याचं पुस्तक एकीकडे, शिक्का दुसरीकडे. जीएसटी कुणी भरायचा ते स्पष्ट लिहायचं. जुलै २०१७ मध्ये तेंदूपत्त्यावर अठरा टक्के कर लागला तेव्हा ज्यांच्या करारात ही ओळ नव्हती त्यांना ठेकेदाराशी भांडत बसावं लागलं.

संस्थेने इथे काय करावं आणि काय करू नये, याची रेघ फार बारीक आहे. निविदेची जाहिरात कशी असते हे दाखवावं. कराराचा मसुदा वकिलाकडून तपासून आणावा. मागच्या पाच वर्षांत कुठल्या गावाला काय भाव मिळाला, कुणी पैसे थकवले, याचा तक्ता करून भिंतीवर लावावा. पण ठेकेदाराशी भाव संस्थेने ठरवू नये, एकदासुद्धा. कार्यकर्ता प्रामाणिक असला, चार रुपये जास्त मिळवून देणारा असला तरीही नको. पुढच्या वर्षी ठेकेदार गावात न येता सरळ त्याच्याकडेच जातो.

कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, ती या कोंडीवरचं चांगलं उत्तर आहे. एकेकट्या गावाला पाडून भाव घेणाऱ्या ठेकेदारासमोर अनेक गावं एकाच दिवशी, एकाच मांडवात लिलावाला बसली की बोलणी बदलतात. कुरखेड्याच्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेने आणि 'सृष्टी'ने तिथे वर्षानुवर्षं सोबत केली. आरोग्यातून सुरू झालेलं काम जंगलाच्या हक्कापर्यंत यावं हे मला स्वाभाविक वाटतं; बाईच्या अंगात रक्त कमी का, याचं उत्तर शोधत गेलं की वाट रानापर्यंत जाते.

हक्क मिळाल्यावर सगळ्यांनी तेंदूच विकावा असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने उलटा निर्णय घेतला. तेंदूसाठी झुडपं छाटली जातात, चांगला फुटवा यावा म्हणून रानाला आगी लावल्या जातात. त्यापेक्षा आम्ही बांबूवर जगू, असं ग्रामसभेने ठरवलं. बांबूलाही शिस्त लागते. पावसाळ्यात तोड बंद, कारण तेव्हा नवे कोंब येतात. कोवळ्या काठ्यांना हात लावायचा नाही, जून काठी पहिल्या पेऱ्याच्या वर, जमिनीपासून वीतभर ठेवून तोडायची, आणि बेटात पुरेशा जाणत्या काठ्या राखायच्या, नाहीतर नव्या कोंबांना आधार राहत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाने 'खोज' संस्थेच्या साथीने उजाड टेकडी राखली आणि तिथली सीताफळं 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने मुंबईच्या बाजारापर्यंत नेली. प्रत्येक गावाचं रान वेगळं, म्हणून आराखडाही वेगळा. एका गावाचा आराखडा दुसऱ्या गावात कॉपी करणारी संस्था म्हणजे तोच छापील जबाब पुन्हा.

हे सगळं करायला लागते चिकाटी आणि वेळ, आणि पैसा देणारे नेमके वेळेवर येऊन अडतात. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतला चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं धरता येतो. तेवढ्यात कित्येकदा दावा जिल्हा समितीपर्यंतही पोचत नाही. शिवाय तो निधी कारखान्यांच्या आसपास जास्त फिरतो; जिथे कारखाना नाही तिथे तो क्वचित येतो. २०२० मध्ये परकीय देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, एका संस्थेने दुसरीला निधी देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मोठ्या संस्थेकडून थोडी मदत घेऊन तालुक्यात दोन कार्यकर्ते पोसणाऱ्या छोट्या संस्था यात कोलमडल्या. आणि या कामात खर्च असतो तो माणसाचाच: मोटारसायकलचं पेट्रोल, झेरॉक्स, गोंडी येणारी दोन मुलं, त्यांचा पगार. सिमेंट दिसत नाही म्हणून हा खर्च 'प्रशासकीय' ठरतो. देणगीदाराला मी एवढंच म्हणेन की लाभार्थ्यांचा आकडा मागण्याऐवजी मागच्या वर्षी किती ग्रामसभांनी स्वतःचं लेखापरीक्षण करून घेतलं ते विचारा.

कारण पैसा आला की घोटाळेही येतात, आणि ते फक्त ठेकेदाराचे नसतात. खात्यावर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्याच सह्या, दोघे एकाच घरचे. पासबुक वर्षभर न छापलेलं. किराणा दुकानाच्या कोऱ्या बिलांवर 'सभा खर्च'. गावाची बदनामी नको म्हणून संस्था गप्प राहतात. ते चूक आहे. ग्रामसभेचं पॅन, स्वतःचं खातं, तीन-चार सह्यांपैकी निम्म्या बायांच्या, दर महिन्याला छापलेलं पासबुक, रोख हातात किती ठेवायची याची ठरावाने बांधलेली मर्यादा, एवढ्या गोष्टी पहिल्या हंगामाआधी लावल्या तर पुढचे तंटे पुष्कळ टळतात. हिशेब लिहायला बारावी झालेली मुलगी गावात असते. तिला मानधन द्यावं, आणि ते ग्रामसभेच्या पैशातून द्यावं. संस्थेच्या पगारावर असलेली हिशेबनीस प्रकल्पाबरोबर निघून जाते.

हंगाम संपून पाऊस पडायच्या आधी हिशेबाची ग्रामसभा भरते. जिथे ती नीट होते तिथली पद्धत अशी: मुलगी वही उघडते आणि घरवार वाचत जाते. नाव, पुडे, मजुरी, बोनस. दुसरं कुणीतरी तेच गोंडीत सांगतं. प्रत्येकाच्या हातात आपलं कार्ड असतं. मध्येच एखादी म्हातारी उठून म्हणते की माझ्या कार्डावर वाचलेल्यापेक्षा चाळीस पुडे जास्त आहेत. वाचन थांबतं. फळीवरची रोजची वही मागवली जाते, तारीख शोधली जाते, त्या दिवशी मोजायला कोण होतं ते विचारलं जातं. संस्थेचा कार्यकर्ता आलेला असला तर तो मागे पडवीत बसलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. चूक सापडली की आकडा खोडून नवा लिहितात, शेजारी दोघांच्या सह्या होतात, म्हातारी कार्ड परत घेऊन बसते, आणि मुलगी पुढचं नाव वाचते.